बैलाच्या उलट बाजूचा टोपीवाला

पत्र:

नमस्कार. आमचे धाकटे काका १९६९ मध्ये नोकरीसाठी डेट्रॉइटला गेले आणि निवृत्तीनंतर नाशिकला परतले. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात तीन विचित्र नाणी निघाली.

एकाच्या मागे बैल आहे आणि पुढे गोल टोपी घातलेला दाढीवाला माणूस. उजव्या काठाला इंग्रजीत ‘बर्ट’ अशी अक्षरं आहेत, साल दिसत नाही. टोपी आणि दाढी अगदी टोकदार, पण बैलाचं शिंग पुसून गेलंय. हे नाणं कागदाच्या छोट्या पाकिटात होतं. त्यावर पेन्सिलने ‘१९८१, ४ डॉलर’ लिहिलंय. दुसरं लहान, चांदीचं: एका बाजूला बसलेली बाई आणि १८८७ साल, दुसरी बाजू गुळगुळीत करून त्यावर एकमेकांत गुंतलेली तीन अक्षरं. तिसरा १८९० चा राणीछाप रुपया, राणीच्या बाजूला रंगीत मीनाकारी केलेला, वरच्या कडेला डाख खरवडल्यासारखी खूण. सोनाराकडे वजन करून घेतलं: ४.७१, २.०८ आणि ११.३४ ग्रॅम.

एक गृहस्थ तिन्ही मिळून चांगली रक्कम देतो म्हणतात. मुलगा म्हणतो, आधी चिंचेने लखलखीत करू. न्यू जर्सीतली चुलत बहीण म्हणते, रुपया आठवण म्हणून मला पाठव. ही नाणी खरोखर जुनी आहेत का? कुणी खराब केलीत, की मुद्दाम कोरलीत?

— एक वाचक, नाशिक

उत्तर:

आधी चिंच स्वयंपाकघरात परत जाऊ द्या. लिंबू, मीठ, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सोनाराकडचं पॉलिश, यातलं काहीही नको. कोरलेल्या नाण्याचं वय सांगणारा सगळ्यांत चांगला साक्षीदार म्हणजे रेघांच्या तळाशी बसलेला मळ आणि धातूवर चढलेला करडा रंग. आम्लाने तो दोन मिनिटांत निघून जातो आणि ऐंशी वर्षांपूर्वीची रेघ कालच ओढल्यासारखी चमकायला लागते. मग कुणी कितीही जाणकार असला तरी त्याला सांगण्यासारखं फार थोडं उरतं.

तुमची तिन्ही नाणी ‘खराब केलेली’ नाहीत. ती तीन वेगवेगळ्या कलांची आहेत, आणि प्रत्येकीची खोटी आवृत्तीही बाजारात आहे. तपासायची पद्धत तिन्हींना थोडी थोडी वेगळी लागते. पण क्रम एकच ठेवा: आधी खालचं नाणं खरं आहे का ते बघा, मग कोरीव काम हाताचं आहे का ते, आणि वयाचा प्रश्न सर्वांत शेवटी. बहुतेक लोक वयापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आता बैलाचं नाणं. तो बैल नव्हे, अमेरिकेतला बायसन, आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद. हे अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, तिथे त्याला बफेलो निकेल म्हणतात. जेम्स अर्ल फ्रेझर या शिल्पकाराने त्याची रचना केली आणि १९१३ ते १९३८ या काळात ते पाडलं गेलं. छाप्याच्या बाजूला मुळात उजवीकडे पाहणारा, वेणी घातलेला, केसांत पिसं खोवलेला मूळनिवासी अमेरिकन पुरुष असतो. नाण्याचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग त्या एका डोक्याने व्यापलेला आहे आणि उठावही चांगला जाड, म्हणजे कोरायला भरपूर माल. म्हणून मालगाड्यांतून फुकट फिरत मजुरी शोधणाऱ्या भटक्यांनी, ज्यांना तिकडे होबो म्हणत, खिशातला चाकू, खिळा, कानशीचा तुकडा, ठोकून केलेली छोटी छिन्नी असं जे हाती येईल ते घेऊन या डोक्याचं दुसरं डोकं केलं. पिसं कापली की गोल टोपी होते. वेणी आणि मान खरवडली की दाढी. जेवणाच्या, निवाऱ्याच्या बदल्यात असं नाणं देता येई. अशा नाण्यांना होबो निकेल हेच नाव पडलं. हे काम फक्त भटक्यांनीच केलं असं मात्र नाही. दुकानदार, सैनिक, कारागीर यांनीही हौसेने केलं.

साल न दिसण्यात गूढ काही नाही. फ्रेझरने साल खांद्याच्या उंचवट्यावर घातलं, त्यामुळे वापरात पहिल्यांदा तेच झिजतं. न कोरलेली, साल गेलेली अशी नाणी ढिगाने मिळतात.

वजन तुम्ही केलंत हे उत्तम. नवं कोरं निकेल बरोबर ५ ग्रॅम भरतं, व्यास २१.२ मिलिमीटर, कड साधी, कंगोरे नाहीत. कोरताना धातू जातो, वापरात थोडा आणखी जातो, म्हणून ४.७१ हे वजन पटण्याजोगं आहे. कोरलेलं निकेल ५ ग्रॅमच्या वर भरलं असतं तर पुढे काही बघायचीच गरज नव्हती: धातू काढून वजन वाढत नाही, ते साच्यातून ओतलेलं किंवा ठशाने पाडलेलं असणार. त्यानंतर चुंबक. फ्रीजवरचा नको, तो अशक्त असतो. जुन्या हार्ड डिस्कमधला किंवा जोरदार निओडिमियमचा घ्या. या नाण्यात ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल आहे. नावात निकेल असलं तरी हा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाही. चिकटला, तर आत लोखंड आहे आणि नाणं भेटवस्तूच्या दुकानातलं आहे.

मग पाण्याची परीक्षा. शंभराव्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागेल. पेलाभर डिस्टिल्ड पाणी काट्यावर ठेवा आणि आकडा शून्य करा. नाण्याला शिवणाचा बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूंना लागणार नाही असं धरा. जो आकडा दिसेल ते नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. ४.७१ ला त्याने भागा. उत्तर ८.९ च्या आसपास यायला हवं, म्हणजे काटा ०.५३ दाखवेल. जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूची नक्कल असेल तर ०.६७ च्या आसपास जाईल. इथे दोन चुका नेहमी होतात. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटून राहतात, ते दोरा हलवून सोडवायचे. आणि नाणं तळाला टेकतं, मग काटा नाण्याचं अख्खं वजन धरू लागतो. पितळ मात्र या परीक्षेत निसटू शकतं, त्याचा आकडा फार जवळ येतो. पण पितळाचा पिवळेपणा कडेवर कुठेतरी दिसतोच. नंतर नाणं पुसू नका, मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्या.

खालचं नाणं खरं ठरलं की भिंग. दहापट पुरे. वीसपट घेतलं तर हात हलतो, चित्र हरवतं आणि माणूस हवं ते बघायला लागतो. टेबललॅम्प टेबलाच्या पातळीवर आणा, म्हणजे उजेड नाण्यावरून आडवा सरपटत जाईल. वरून पडणाऱ्या उजेडात खोली दिसत नाही. आणि नाणं फिरवा, दिवा नको.

हाताने कोरलेल्या रेघेला स्वभाव असतो. कोरणी जिथे शिरते तिथे रेघ बारीक, मध्ये रुंद, जिथे उचलली तिथे पुन्हा बारीक किंवा अचानक तुटलेली. आडवा छेद इंग्रजी ‘व्ही’सारखा. काठावर ढकललेल्या धातूची किनार उभी राहिलेली दिसते. चेहऱ्याभोवतीच्या रिकाम्या जागेत मुळातली अक्षरं आणि पिसांची टोकं खरवडून काढलेली असतात, तिथे एका दिशेच्या बारीक समांतर ओरखड्यांचे पट्टे सापडतात. चांगल्या कारागिराने ते घासून गुळगुळीत केलेले असतील, पण चेहऱ्याच्या कडेला, कोपऱ्यात, जिथे हत्यार पोचत नाही तिथे चार-दोन राहतातच. खरवडल्यामुळे ही जागा मूळ नाण्यापेक्षा किंचित खोल गेलेली असते. काठापाशी पायरी दिसते का बघा.

कान जरूर बघा. मूळ चेहऱ्यात वेणीमुळे कान दिसत नाही, म्हणजे होबोच्या माणसाला कान हवा असेल तर कारागिराला तो शून्यातून काढावा लागतो. सगळ्यांत जास्त कसब आणि सगळ्यांत जास्त फजिती तिथेच दिसते. टोपीची कडही तशीच. आळशी काम असेल तर टोपी नुसती रेघेने दाखवलेली असते आणि कपाळ-नाक-हनुवटी मूळ माणसाचीच राहते. मेहनतीचं काम असेल तर नाकसुद्धा बदललेलं असतं. बफेलो निकेलचा मूळ फोटो शेजारी ठेवून एकेक अवयव ताडून पाहा. जिथे जिथे उठाव मूळ नाण्यापेक्षा वर गेलेला दिसतो तिथे थांबा. धातू बाजूने ढकलून थोडा वर आणता येतो, टोपीची कड अशीच उचलतात. पण अख्खा गाल किंवा अख्खी टोपी मूळ पातळीच्या वर असेल, तर हे कोरणं नाही, ठसा आहे.

ठशाने पाडलेल्या नकलेत रेघांचे काठ गोलसर असतात, किनार नसते आणि रेघेच्या तळाचा पोत भोवतालच्या पृष्ठभागासारखाच असतो. ओतीव नकलेत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आणि कडेवर साच्याची शिवण. लेझरने कोरलेल्या तळाला डोंगरउतारावरच्या शेतांसारख्या पायऱ्या दिसतात. विजेवर फिरणाऱ्या हत्याराची चर गोल तळाची आणि त्यात एकसारख्या बारीक लाटा. त्यावरून काम नवं असावं असा अंदाज बांधता येतो, खोटं मात्र म्हणता येत नाही. आज अमेरिकेत आणि युरोपात अप्रतिम काम करणारे कारागीर आहेत, त्यांची नाणी जुन्या भटक्यांच्या नाण्यांपेक्षा महागही जातात. फक्त ते त्यावर आपली सही आणि बहुधा साल घालतात, लपवत नाहीत. संग्राहक जुन्या आणि नव्या कामामध्ये साधारण १९८० ही रेघ धरतात.

आता ‘बर्ट’. बर्ट्रम वीगँड हा या कलेतला फार मोठा माणूस. संग्राहक त्याला बर्ट म्हणूनच ओळखतात. नाण्याच्या उजव्या काठाला वर मुळात ‘लिबर्टी’ हा शब्द असतो. बर्ट त्यातली पहिली दोन आणि शेवटचं एक अक्षर खरवडून टाकायचा, की त्याचं नाव आपोआप उरायचं. त्याचा शिष्य जॉर्ज वॉशिंग्टन ह्यूजेस, ऊर्फ बो, हाही तितकाच नावाजलेला. तुमच्या नाण्यावरची अक्षरं वाचून उडी मारावीशी वाटेल, पण इथे संशय वाढवायचा असतो. कारण उघड आहे: तीन अक्षरं खरवडणं हे या संपूर्ण कामातलं सर्वांत सोपं काम. नुसत्या अक्षरांवरून नाणं बर्टचं ठरत नाही. ती चार अक्षरं मूळ ठशाचीच आहेत की पुन्हा कोरलीत ते भिंगातून बघा. मूळ अक्षरं काठाला लागून, एकसारख्या उंचीची असतात. आणि खरवडलेल्या तीन अक्षरांच्या जागेचा रंग चेहऱ्यामागच्या खरवडलेल्या जागेच्या रंगाशी जुळतो का ते तपासा. चेहऱ्यामागची जागा करडी आणि अक्षरांची जागा उजळ असेल, तर सही नंतर कुणीतरी ‘काढलेली’ आहे.

तुम्ही पत्रात नकळत सगळ्यात मोलाची गोष्ट लिहिली आहे: शिंग पुसलेलं आणि दाढी टोकदार. नाणं खिशात फिरतं तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीने झिजतात. म्हणजे तुमचं नाणं आधी भरपूर वापरलं गेलं आणि मग कोरलं गेलं. कोरल्यावर खिशात फारसं राहिलं नाही. १९१३ मध्ये कोऱ्या नाण्यावर केलेलं हे काम नव्हे, एवढं नक्की. बर्टने पुढे १९४० च्या दशकापर्यंत कोरीव काम केलं, तोवर ही नाणी झिजलेली होतीच, तेव्हा त्याचं नाव यावरून बाद होत नाही. पण आजचे नकलाकारसुद्धा साल गेलेली, स्वस्त, झिजलेली नाणीच विकत घेतात. म्हणून टोकदारपणा पुन्हा एकदा भिंगातून बघा. शर्टाच्या खिशात दोन-चार वर्षं राहिलेल्या नाण्यावरही रेघांच्या काठची किनार बोथट होते. तुमच्या नाण्यावरची किनार अजून इतकी उभी असेल की भिंगात तिची सावली पडते, तर नाणं कोरल्याबरोबर डबीत गेलं.

रेघेच्या तळाचा रंगही इथेच पाहायचा. या मिश्रधातूवर वेळेने येणारा करडेपणा सलग असतो: पृष्ठभाग, रेघेची भिंत, तळ, सगळीकडे एकाच घराण्यातला. वर करडा आणि आत चांदीसारखा उजळ, म्हणजे ताजं काम. आत काळंकुळकुळीत आणि वर चकचकीत पुसलेलं, म्हणजे रसायनाने काळं करून उंचवटे पुसले आहेत. अशा काळेपणाला काठ असतो, शाई वाळल्यासारखा.

आणि ते पाकीट! फेकू नका, त्यावर काही लिहूही नका. पाकीट या नाण्याचंच असेल, तर कोरीव काम १९८१ च्या आधीचं ठरतं. त्या काळात चार डॉलरसाठी कुणी खास ठसा बनवून नकला पाडत बसलं नसतं, म्हणून हा पुरावा वजनदार आहे. पण पाकिटं बदलतात. निकेल वर्षानुवर्षं एका कागदात राहिलं तर कागदावर आतून गोल ठसा उमटतो, कधी फिकट डाग. तसा २१ मिलिमीटरचा गोल दिसतो का? दिसला तर मोबाइलने त्याचाही फोटो घ्या, पट्टी शेजारी ठेवून.

एवढं सगळं जमलं तर अमेरिकेतल्या ओरिजिनल होबो निकेल सोसायटीकडे विचारणा करता येते. १९९२ मध्ये स्थापन झालेली ही संग्राहकांची संस्था नाणी तपासते. आधी फोटो पाठवा: समोरून, मागून, एकदा तिरक्या उजेडात आणि एकदा कड. कडेचा फोटो बहुतेक लोक पाठवत नाहीत आणि तिथेच शिवण लपलेली असते.

दुसरं लहान नाणं झटपट उरकता येईल. ते अमेरिकेचं दहा सेंटचं, ‘सीटेड लिबर्टी डाइम’. नवं असताना २.५० ग्रॅम, ९० टक्के चांदी, कडेला कंगोरे. एक बाजू घासून सपाट केल्यावर २.०८ भरणं अगदी रास्त. अशा नाण्यांना तिकडे ‘लव्ह टोकन’ म्हणतात. १८७० आणि ८० च्या दशकांत तिथे याची लाटच आली होती. सोनाराकडून आद्याक्षरं कोरून घ्यायची आणि प्रेयसीला, आईला, बहिणीला द्यायची. तीन अक्षरांत मधलं मोठं असेल तर ते बहुधा आडनावाचं. सोनाराने सपाटीसाठी नाणं फिरवून घासलं असेल तर तिरक्या उजेडात गोल गोल वर्तुळं दिसतात. त्यावरून कोरणी गेलेली हवी, म्हणजे रेघेत वर्तुळं तुटलेली. चांदी वेळेने काळवंडते, आणि जुन्या नाण्यात रेघांच्या आतला काळेपणा बाहेरच्याशी हळूहळू मिसळतो. काळवंडलेल्या थराला चिरून पांढरी रेघ गेलेली असेल तर कोरीव काम त्या थरानंतरचं. पाण्याची परीक्षा इथे करू नका. इतक्या छोट्या नाण्यावर काट्याची एका शंभराव्या ग्रॅमची चूकसुद्धा उत्तर पाच टक्क्यांनी हलवते. कडेचे कंगोरे पाहा, कुठे भोक बुजवलंय का, पिनेचा डाख राहिलाय का, तेवढं पुरे. अशी नाणी सुंदर असतात, पण साध्या आद्याक्षरांची दुर्मीळ नसतात. चित्र, घर, जहाज, पूर्ण नाव किंवा तारीख कोरलेली असेल तर भाव वेगळा.

रुपयाकडे येऊ. राणीछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, चांदी ९१.७ टक्के. सोनार रुपया टाकून तोळा मोजायचे ते याच हिशेबाने. मीनाकारीत आधी राणीच्या चेहऱ्याभोवतीचा धातू खोदून खळगे करतात, त्यात काचेची रंगीत पूड भरून सातशे-आठशे अंशांच्या भट्टीत वितळवतात. चांदी गेली आणि तिच्या जागी हलकी काच आली, म्हणून ११.३४ बरोबर वाटतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमचे कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाण्यांवर असं काम करत आणि त्यांच्या पिना, साखळीतली पदकं बनत. आपल्याकडच्या रुपयांवरही असं काम झालेलं सापडतं.

खरी काच की रंग, हा इथला मुख्य प्रश्न. सुई टोचून बघू नका, ॲसिटोन तर मुळीच नको. भिंगात बघा. काच जिथे उडालेली असेल तिथला तुकडा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गोलाकार, चकचकीत असतो. आत अगदी बारीक गोल बुडबुडे दिसतात. रंग खळग्याच्या भिंतीपाशी थांबतो आणि धातूच्या पातळीला घासून आणलेला असतो. भट्टीत न भाजलेला साधा रंग किंवा रेझिन भरलेलं असेल तर ते काठावरून सांडतं, वर फुगीर दिसतं, त्यावर उडालेल्या तुकड्यांऐवजी ओरखडे असतात, आणि खाली खळगा खोदलेलाच नसतो, रंग सरळ नाण्याच्या उठावावर बसवलेला असतो. शेवटची गोष्ट एकटीच पुरेशी आहे.

वरच्या कडेची खूण आणखी बोलेल. डाख पांढरा, कडक, चांदीचा असेल तर कडी सोनाराने नीट बसवली होती. करडा, मऊ, नखाने खूण उमटावी असा शिशा-कथिलाचा असेल तर विचार करा: असा डाख मीना भाजायच्या उष्णतेत टिकूच शकत नाही. म्हणजे एकतर तो मीना झाल्यावर खूप नंतर लावला, किंवा वरचा ‘मीना’ भट्टीत गेलाच नाही. खूण असलेल्या जागी कंगोरे बुजलेले किंवा घासलेले असणारच. विकणारा ‘कडी कधी लावलीच नव्हती’ म्हणाला तर तिथे बोट ठेवायचं.

पाण्यात हा रुपया बुडवू नका. काच मिसळल्यामुळे आकड्याला अर्थ नाही, आणि जुन्या मीन्याच्या तड्यांतून पाणी आत शिरलं की पुढे तुकडे सुटतात. गरम पाण्याने तर एका दमात.

जाता जाता एक. घरात कुणाकडे रुपयांचा हार असेल तर त्यातल्या सगळ्या नाण्यांची सालं वाचा. खऱ्या रुपयांच्या हारात सालं मिसळलेली असतात, राणीबरोबर एडवर्ड आणि पाचवा जॉर्जही निघतात. सगळी एकाच सालाची आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी तोच ओरखडा असेल तर तो एका साच्यातून ओतलेला माल. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने रामदरबार किंवा हनुमान असलेली १८१८ ची ‘नाणी’ हा याहून निराळा प्रकार. ती कोरलेलीही नाहीत आणि कंपनीने काढलेलीही नाहीत, सगळी नंतर केलेली टोकन.

रक्कम देऊ करणाऱ्या गृहस्थांना तिन्ही एकत्र देऊ नका. ठोक भाव करणाऱ्याला बहुधा एकच वस्तू हवी असते आणि बाकीच्या दोन तिच्यावर पांघरूण घालायला असतात. प्रत्येक नाण्याचं वेगळं वर्णन आणि वेगळा भाव कागदावर मागा. ‘बर्ट’ या शब्दावर ते गप्प राहिले तर तेही उत्तरच आहे. तुमच्या गावाजवळ आंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. रुपयाबद्दल चौकशीची सुरुवात तिथून करा. निकेल आणि डाइमची दाद मात्र अमेरिकेतच लागेल.

न्यू जर्सीच्या बहिणीला सध्या फोटोवरच समाधान मानायला सांगा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूच्या व्याख्येत येतं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. रुपया १८९० चा, डाइम १८८७ चा, दोन्हींना हे लागू होतं. मीनाकारी नवी निघाली तरी खालचं नाणं जुनंच राहतं. ‘आमच्याच काकांनी तिकडून आणलेलं’ म्हणूनही ते पाकिटात घालून कुरिअर करू नका. निकेलचं साल गेलेलं असल्यामुळे त्याचं वय विमानतळावर सिद्ध करणं तुम्हालाच जड जाईल. ते तपासायला पाठवायची वेळ आली तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून, वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला मागावा लागेल. अमेरिकेत नाणं कोरणं गुन्हा नाही. फसवण्यासाठी बदलणं गुन्हा आहे. त्या बाजूने काळजी नको.

तोवर ठेवायचं कसं? बिस्किटांचा डबा बदला. मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्यांतून नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वर्तमानपत्राचा कागदही नको. नाणेवाल्यांकडे चौकोनी पुठ्ठ्याच्या, पारदर्शक खिडकीच्या चौकटी मिळतात, त्या स्टेपल करताना पिन नाण्यापासून लांब ठेवा आणि तिची टोकं पक्कडीने दाबून सपाट करा. मीन्याच्या रुपयाला चौकट नको, तिचा दाब काचेवर येतो. त्याला कडक गोल डबी, खाली आम्लरहित कागद. सोबत सिलिका जेलची एक पुडी. निकेलचं पाकीट वेगळ्या स्वच्छ पाकिटात घालून त्याच चौकटीशेजारी ठेवा. तिघांचीही वजनं, व्यास आणि कुठे काय दिसलं ते आजच्या तारखेनिशी एका कागदावर लिहून काढा, म्हणजे उद्या कुणी भिंग घेऊन आलं की त्याच्या आकड्यांशी तुमचे ताडून बघता येतील.